धातू तोच, पृष्ठभाग वेगळा

रसायनशास्त्राच्या अनेक प्रयोगशाळांत आज एक साधा प्रयोग नेहमी दिसतो. छोट्या चौकोनी काचपात्रात पिवळेधमक द्रावण असते. ते पॅरा-नायट्रोफिनॉलचे. त्यात सोडियम बोरोहायड्राइड भरपूर घातलेले असते. तरीही रंग जसाच्या तसा राहतो. दोन्ही पदार्थ शेजारी नांदतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत. मग त्यात सोन्याच्या, चांदीच्या किंवा एखाद्या मिश्रधातूच्या नॅनोकणांचे काही थेंब पडतात आणि पाहता पाहता द्रावण रंगहीन होते. वर्णपटमापकावर ४०० नॅनोमीटरजवळचे शिखर खचत जाते आणि ३०० नॅनोमीटरजवळ नवे शिखर उगवते. पॅरा-नायट्रोफिनॉलचे पॅरा-अमिनोफिनॉल झालेले असते. पॅरासिटामॉलच्या गोळीकडे जाणारा एक रस्ता याच पदार्थावरून जातो.

या प्रयोगाच्या इतिहासात एक भारतीय पान आहे. खरगपूरच्या आयआयटीतील नारायण प्रधान, अंजली पाल आणि ताराशंकर पाल यांनी २००१ साली तांबे, चांदी आणि सोने या नाण्यांच्या धातूंचे नॅनोकण सुगंधी नायट्रो संयुगांचे क्षपण कसे घडवतात, याविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. पुढील काळात ही अभिक्रिया जगभर नॅनो-उत्प्रेरकांची कसोटी बनली. कारण उघड आहे : महागडी उपकरणे लागत नाहीत, अभिक्रिया पाण्यात आणि खोलीच्या तापमानाला होते आणि प्रगती डोळ्यांना दिसते. सोनाराने कसोटीच्या दगडावर सोने घासावे, तसे आज नवा नॅनोकण बनवणारा संशोधक त्याला या पिवळ्या द्रावणात टाकून पाहतो.

मात्र हा प्रयोग स्वतःच्या हाताने केलेल्या विद्यार्थ्याला आणखी एक गोष्ट ठाऊक असते. कधी कधी थेंब पडल्यावर लगेच काहीच होत नाही. अर्धा मिनिट, एक मिनिट, क्वचित त्याहून अधिक काळ आलेख सपाट राहतो आणि मग एकाएकी उतरू लागतो. या थांब्याला प्रेरणकाल म्हणतात. एकाच धातूचे, एकाच आकाराचे दोन नमुने घेतले, तरी एक तत्काळ कामाला लागतो आणि दुसरा रेंगाळतो, असेही घडते. धातू तोच असताना हा फरक कुठून येतो? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात रसायनशास्त्राने जवळपास दोनशे वर्षे घालवली आहेत. त्या दोन शतकांतून हाती आलेली गोष्ट अशी : उत्प्रेरकाचे कर्तृत्व धातूच्या नावावरून ठरत नाही, त्याच्या पृष्ठभागावर आजवर काय काय गुदरले, यावरून ठरते.

कथेचा आरंभ जर्मनीतील येना येथे होतो. १८२३ साली योहान डोबेरायनर यांनी हायड्रोजनचा झोत सच्छिद्र प्लॅटिनमवर सोडला आणि ठिणगीवाचून ज्योत पेटली. त्यावरून त्यांनी दिवा बनवला आणि तो घरोघरी वापरलाही गेला. पण प्लॅटिनम हे का करते, हे कोणालाच ठाऊक नव्हते. १८३५ साली स्वीडनच्या बर्झेलियस यांनी अशा क्रियांना ‘कॅटॅलिसिस’, म्हणजे उत्प्रेरण, हे नाव दिले. नाव मिळाले, उकल मात्र व्हायची होती.

उकलीच्या दिशेने पहिले पाऊल त्याआधीच मायकेल फॅरडे यांनी टाकले होते. विद्युत-अपघटनाचे प्रयोग करताना त्यांच्या लक्षात आले की, पाण्यापासून मिळवलेला हायड्रोजन आणि ऑक्सिजन प्लॅटिनमच्या पट्ट्यांच्या सान्निध्यात ठेवला तर वायूचे आकारमान हळूहळू घटते. वायू पुन्हा एकत्र येऊन पाणी बनत होते. हे काम सगळ्या पट्ट्या सारखे करत नव्हत्या. विरल सल्फ्युरिक आम्लात धनाग्र म्हणून वापरलेली पट्टी विशेष तत्पर होती. फॅरडे यांनी मग विजेवाचून पट्ट्या तयार केल्या. काही तापवल्या, काही अल्कलीने घासल्या, काही उष्ण सल्फ्युरिक आम्लात बुडवून शुद्ध पाण्याने धुतल्या. अशा पट्ट्याही तितक्याच तत्पर निघाल्या. १८३४ साली रॉयल सोसायटीत वाचल्या गेलेल्या निबंधातील त्यांचा निष्कर्ष असा की, वीज हे कारण नव्हेच. धातूचा पृष्ठभाग पूर्ण स्वच्छ असणे, एवढीच अट आहे. हवेत ठेवलेल्या पट्टीची शक्ती ओसरत जाते आणि पुन्हा स्वच्छ केल्यावर परतते, हेही त्यांनी नोंदवले. मिश्रणात कार्बन मोनॉक्साइडसारखे वायू असले की क्रिया अडते, हे निरीक्षणही त्यांचेच.

आपल्याकडचा कल्हईवाला हे तत्त्व हातांनी जाणत असे. पितळी पातेले भट्टीवर तापवून तो प्रथम नवसागर टाकतो आणि मगच कथील फिरवतो. नवसागर धातूवरचा ऑक्साइडचा थर खातो; तो थर गेल्याशिवाय कथील पातेल्याला धरत नाही. पातेल्याचे आणि फॅरडे यांच्या पट्टीचे काम निरनिराळे आहे, पण दोन्हींची पूर्वअट एकच : बाहेरून येणाऱ्या पदार्थाला उघडा धातू भेटला पाहिजे.

विसाव्या शतकात या हस्तकौशल्याला सिद्धांताचा आधार मिळाला. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत आयर्विंग लँगम्यूर यांनी दाखवले की, घन पदार्थावर वायूचे रेणू एकाच रेणूइतक्या जाडीच्या थरात बसतात आणि तिथल्या जागा मोजक्या असतात. एका रेणूने जागा अडवली की दुसऱ्याला ती मिळत नाही. फॅरडे यांना दिसलेला कार्बन मोनॉक्साइडचा अडथळा आता समजण्याजोगा झाला : तो प्लॅटिनमवरच्या जागा घट्ट धरून बसतो. पृष्ठरसायनातील कार्यासाठी लँगम्यूर यांना १९३२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यापूर्वी, १९२५ साली, प्रिन्स्टनच्या ह्यू टेलर यांनी आणखी पुढचा विचार मांडला. पृष्ठभागावरचे सगळे अणू सारखे नसतात. कडा, कोपरे आणि खाचा येथील थोड्या अणूंवरच बरेचसे काम अवलंबून असते. ‘सक्रिय स्थान’ ही कल्पना येथून रुजली.

नॅनोकणांच्या बाबतीत हा विचार अंकांत पाहणे उद्बोधक ठरते. अणू एकावर एक गोळ्यांसारखे रचून पूर्ण थरांचा एक कण केला, तर ९२३ अणूंच्या कणात ३६२ अणू सर्वांत बाहेरच्या थरात येतात. प्लॅटिनमचा असा कण साधारण तीन नॅनोमीटरचा भरेल. म्हणजे त्याचे सुमारे ३९ टक्के अणू अभिक्रियेला भेटू शकतात आणि उरलेले ५६१ आतच राहतात. त्या ३६२ जागांपैकी निम्म्या जागा बाहेरच्या रेणूंनी अडवल्या, तर आपण विकत घेतलेल्या प्लॅटिनमचा पाचवा हिस्साही कामाला लागत नाही. पृष्ठप्रक्रियेचा प्रश्न म्हणून केवळ तात्त्विक राहत नाही. तो खर्चाचाही होतो.

धातू एकाचे दोन झाले की गुंतागुंत वाढते. अमेरिकी अभियंता मरे रेनी यांनी १९२० च्या दशकात निकेल आणि अॅल्युमिनियमचा मिश्रधातू बनवला, त्याची पूड केली आणि ती दाहक सोड्याच्या द्रावणात टाकली. अॅल्युमिनियम विरघळून गेले आणि मागे स्पंजासारखे सच्छिद्र निकेल उरले. तेलाच्या हायड्रोजनीकरणासाठी ते उत्तम ठरले. आपल्या परिचयाचे वनस्पती तूपही निकेलच्या साहाय्याने होणाऱ्या हायड्रोजनीकरणातूनच आले. रेनी यांच्या युक्तीतील मर्म असे की, मिश्रधातू हा उत्प्रेरक नव्हताच. त्यातून एक धातू काढून टाकण्याच्या प्रक्रियेने उत्प्रेरक घडवला.

दुसरे मर्म १९७२ साली पुढे आले. एक्सॉनमधील जॉन सिन्फेल्ट आणि त्यांचे सहकारी निकेल-तांबे मिश्रधातूंवर दोन अभिक्रिया तपासत होते. निकेलात केवळ पाच टक्के तांबे मिसळले आणि ईथेन तोडण्याचा वेग सुमारे हजारपटीने घसरला. मात्र सायक्लोहेक्झेनपासून बेंझीन बनवण्याची क्रिया त्या मानाने अबाधित राहिली. पाच टक्क्यांनी एवढा उत्पात कसा? तांब्याची पृष्ठऊर्जा निकेलपेक्षा कमी, त्यामुळे तांब्याचे अणू पृष्ठभागाकडे सरकून तिथे गर्दी करतात. आत पाच टक्के असलेला धातू बाहेर कितीतरी अधिक असतो. कार्बन-कार्बन बंध तोडायला निकेलचे अनेक अणू शेजारी शेजारी लागतात. तांब्याने ती वस्तीच विखुरली. मिश्रधातूचे सूत्र कागदावर वाचून त्याच्या पृष्ठभागाचे अनुमान करता येत नाही, हा या प्रयोगाचा धडा होता.

मग स्वच्छता हीच नेहमी सद्‌गुण मानायची का? तसेही नाही. हर्बर्ट लिंडलार यांनी १९५२ साली पॅलेडियमला शिशाने आणि क्विनोलिनने मुद्दाम ‘विष’ दिले. त्यामुळे त्रिबंध असलेली संयुगे द्विबंधापर्यंत येऊन थांबू लागली. पुढचे हायड्रोजनीकरण टळले. २०१० साली कोलोरॅडोतील संशोधकांनी पॅलेडियमवर गंधकयुक्त लांब साखळ्यांच्या रेणूंचा थर बसवला. गंधक हे उत्प्रेरकांचे नामांकित विष. तरीही एका अपृक्त इपॉक्साइडच्या हायड्रोजनीकरणात हव्या त्या उत्पादनाचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ९४ टक्क्यांवर गेले. वेग आणि निवड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पृष्ठभाग उघडा केल्याने पहिली साधते. काही जागा विचारपूर्वक झाकल्याने कधी कधी दुसरी साधते.

आजच्या नॅनोकणांची अडचण येथूनच कळते. द्रावणात धातूचे कण बनवताना ते एकमेकांना चिकटून गोळा होऊ नयेत, म्हणून त्यांच्याभोवती संरक्षक रेणू ठेवावे लागतात. कुठे पॉलिव्हिनिल पायरोलिडोन, कुठे ओलिलअमाइन, कुठे सीटॅब. हे रेणूच कणांना नेमका आकार देतात आणि नंतर हेच रेणू सक्रिय जागा अडवतात. ते काढण्याचे उपाय बरेच आहेत : हवेत तापवणे, अतिनील प्रकाश आणि ओझोन यांचा मारा, आम्लाने धुणे, विभवाची आवर्तने देणे. प्रत्येक उपायाची किंमत असते. फार तापवले तर लहान कण वितळल्यासारखे एकमेकांत मिसळतात आणि ज्या पृष्ठभागासाठी एवढा खटाटोप केला तोच घटतो. अपुरे धुतले तर कार्बनी अवशेष राहतात.

मिश्रधातूत याहून मोठी मेख आहे. प्लॅटिनम-निकेलचा कण हवेत तापवला की ऑक्सिजन निकेलला बाहेर ओढतो आणि पृष्ठभागावर निकेल ऑक्साइड साचते. तोच कण हायड्रोजनमध्ये तापवला की मांडणी पुन्हा बदलते. आम्लात धुतला की बाहेरचे निकेल निघून जाते आणि प्लॅटिनमचा खडबडीत सांगाडा उरतो. निर्वातात किंवा निष्क्रिय वायूत मंद तापवला की सांगाड्याऐवजी प्लॅटिनमची सलग, गुळगुळीत त्वचा तयार होऊ शकते. संशोधकाला वाटते आपण कण साफ करतो आहोत. प्रत्यक्षात तो कण नव्याने घडवत असतो.

ही हालचाल अभिक्रिया चालू असतानाही होते, याचा ठसठशीत पुरावा २००८ साली मिळाला. बर्कली येथे फेंग ताओ, मिकेल साल्मेरॉन, गॅबोर सोमोर्जाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऱ्होडियम-पॅलेडियमचे नॅनोकण वायूंच्या सान्निध्यात ठेवून क्ष-किरणांनी पाहिले. ऑक्सिडीकारक वातावरणात ऱ्होडियम बाहेर येई. क्षपणकारक वातावरणात ते आत जाई आणि पॅलेडियम वर येई. वायू बदलला की थरांची अदलाबदल. आपण बाटलीत भरून ठेवलेला उत्प्रेरक आणि काम करणारा उत्प्रेरक यांची रचना एकच असते, हे गृहीतक त्यानंतर टिकले नाही.

या ज्ञानाचा सर्वांत मोठा उपयोग इंधनघटात झाला. इंधनघटात हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्यापासून वीज आणि पाणी मिळते. फॅरडे यांच्या पट्टीवर घडणारी तीच क्रिया येथे दोन अग्रांवर विभागून घडवलेली असते. अडते ते ऑक्सिजनच्या क्षपणापाशी. ते मंद असते आणि त्यासाठी प्लॅटिनम बरेच लागते. १९८३ साली विनोद जालान आणि ई. जे. टेलर यांनी मिश्रधातूंतील प्लॅटिनम अणूंमधले अंतर आणि ऑक्सिजन-क्षपणाचा वेग यांचा संबंध दाखवला. लहान अणूंच्या सहवासात प्लॅटिनमचे अणू किंचित जवळ येतात आणि वेग वाढतो. २००१ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील ए. के. शुक्ला, एम. एस. हेगडे आणि सहकाऱ्यांनी प्लॅटिनमचे कोबाल्ट, क्रोमियम, निकेल यांच्याशी झालेले मिश्रधातू क्ष-किरण प्रकाश-इलेक्ट्रॉन वर्णपटमितीने तपासले. निव्वळ प्लॅटिनमच्या तुलनेत मिश्रधातूंच्या पृष्ठभागावर ऑक्साइड झालेले प्लॅटिनम कमी आणि धातुरूप प्लॅटिनम अधिक आढळले. मिथेनॉल इंधनघटातील त्यांच्या सरस कामगिरीचा दुवा पृष्ठभागात होता.

२००७ साली अमेरिकेतील स्टामेन्कोविच, मार्कोविच आणि सहकाऱ्यांनी प्लॅटिनम-निकेलचा एकसंध स्फटिक निर्वातात तापवून त्यावर शुद्ध प्लॅटिनमची एक अणू जाडीची त्वचा आणली. तिच्या खालचा थर निकेलसंपन्न होता. या पृष्ठभागाची सक्रियता तशाच प्लॅटिनम पृष्ठभागाच्या दहापट आणि त्या काळी प्रचलित असलेल्या कार्बनवरील प्लॅटिनमच्या ९० पट निघाली. पण हा होता चकचकीत, मोठा स्फटिक. गाडीत तो चालणार नाही. २०१४ साली निकेलबहुल कणांतून निकेल झिजवून पोकळ चौकटी उरवण्यात आल्या आणि त्या तापवून त्यांवर प्लॅटिनमची त्वचा आणली गेली. प्रति ग्रॅम प्लॅटिनम सक्रियता ३६ पट वाढल्याची नोंद झाली. रेनी यांची १९२० च्या दशकातील युक्ती आणि फॅरडे यांची काळजी येथे एकाच कणात भेटतात. तरीही प्रश्न संपला नाही, कारण इंधनघटातील आम्लधर्मी वातावरणात निकेल आणि कोबाल्ट पाझरत राहतात आणि त्यांचे आयन पटलात शिरून त्याची वाहकता कमी करतात.

हा इतिहास आज भारतासाठी का महत्त्वाचा? ऑगस्ट २०२२ मध्ये सीएसआयआर आणि केपीआयटी यांनी विकसित केलेली हायड्रोजन इंधनघटावरची बस पुण्यात सादर झाली. ४ जानेवारी २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला मंजुरी दिली. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनक्षमतेचे उद्दिष्ट त्यात आहे. हायड्रोजन बनवणाऱ्या पटल-विद्युतघटांना प्लॅटिनम आणि इरिडियम लागते, अल्कली विद्युतघटांना निकेल. आपल्याकडे प्लॅटिनम जवळजवळ सगळे आयात होते. धातू आपल्या जमिनीतून निघणार नसेल, तर आहे त्या धातूचा प्रत्येक अणू कामाला लावणे हाच मार्ग उरतो आणि तो मार्ग पृष्ठभागावरून जातो.

आता पुन्हा त्या पिवळ्या द्रावणाकडे वळू. प्रेरणकालाचे कारण काय? जर्मनीतील माथियास बालाउफ यांच्या गटाने २०१० नंतर असे प्रतिपादन केले की, त्या अवधीत कणांचा पृष्ठभाग स्वतःची पुनर्रचना करत असतो. २०१६ साली अमेरिकेतील संशोधकांनी दुसरे कारण पुढे आणले : पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन संपेपर्यंत अभिक्रिया दबून राहते. म्हणजे ज्याला आपण कणाचा स्वभाव समजलो, तो काही वेळा केवळ पाण्याचा असू शकतो. नायट्रोजन सोडून ऑक्सिजन काढला होता का, कण किती वेळा धुतले, कोणत्या वायूत किती तापवले, हे लिहिलेले नसेल, तर दोन प्रयोगशाळांचे आकडे शेजारी ठेवून कोणता मिश्रधातू सरस, हे ठरवता येत नाही. शोधनिबंधाच्या शीर्षकात धातूंची नावे ठळक असतात आणि पृष्ठप्रक्रिया पुरवणीतल्या एका ओळीत दडलेली असते. फॅरडे यांनी मात्र पट्टी कशी तयार केली, हे परिच्छेदामागून परिच्छेद लिहून ठेवले. म्हणून १९० वर्षांनंतरही तो प्रयोग कोणालाही पुन्हा करता येतो.

विद्यार्थी मित्रांनो, पुढच्या वेळी काचपात्रात थेंब सोडण्याआधी वहीत त्या कणाचा पूर्ववृत्तान्त लिहा. एकाच बाटलीतला नमुना एकदा न धुता आणि एकदा धुऊन वापरून पाहा. ऑक्सिजन काढून आणि न काढता, असे दोन्ही आलेख घ्या. त्यांत फरक पडला तर तो इथे अवश्य कळवा आणि काहीच फरक पडला नाही, तर तेही कळवा. असा निकालही तितकाच मोलाचा असतो.